वहीतला शेरा : ‘वर्गात चाळे करते’

पत्राचा सारांश : डिचोली तालुक्यातील एका आईचे पत्र आहे. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत शिकणारी. दसऱ्यापासून तिच्या हातातून वस्तू निसटू लागल्या. पेजेची वाटी कलंडते, अक्षर पार बिघडले आहे, बसल्या जागी खांदा उडतो, बोटे वळवळतात, मध्येच तोंड वेडेवाकडे होते. क्षुल्लक कारणावरून रडते आणि लगेच हसते. झोपेत मात्र सगळे थांबते. शाळेतील बाईंनी वहीत ‘वर्गात चाळे करते, लक्ष नाही’ असा शेरा लिहिला. औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारे वडील म्हणतात, झोपेत थांबते त्या अर्थी हे नाटक आहे. आणि नाटक नसेल तर सरळ एमआरआय करून टाकू. सासूबाईंनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले, कौल घेतला, दिष्ट काढली. नणंदेचा मुलगा डोळे मिचकावत असे, ते आपोआप गेले, म्हणून ती सांगते की काही करू नका. गावातील डॉक्टरांनी कॅल्शियम आणि टॉनिक दिले आहे. आईचे प्रश्न तीन : मुलगी हे मुद्दाम करते का, ही फिट आहे का, आणि दोष आनुवंशिक असेल तर पुढे तिच्या लग्नाचे काय. पत्राच्या अखेरीस एक ओळ आहे : आषाढात घसा धरून ताप आला होता, तो तीन दिवसांच्या गोळ्यांनी उतरला.

नमस्कार ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचताना सुरुवात शेवटच्या ओळीपासून केली. आषाढातला तो घसा आणि ताप तुम्ही जाता जाता लिहिला आहे. माझ्या दृष्टीने पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच. पत्रावरून निदान करता येत नाही, आणि करूही नये. मूल समोर बसवून पाहिल्याशिवाय कोणताही जबाबदार बालरोगतज्ज्ञ ते करणार नाही. शंका मात्र घेता येते, आणि मला आलेली शंका अशी आहे की तिच्यासाठी तुम्ही परीक्षा संपण्याची किंवा पुढच्या कौलाची वाट पाहू नये. या आठवड्यातच मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.

आधी ‘मुद्दाम’ या शब्दाविषयी बोलू, कारण तुमच्या घरातील सारा वाद त्याच्याभोवती फिरतो आहे. एका बाजूला नाटक, दुसऱ्या बाजूला बाहेरची बाधा, आणि मध्ये नऊ वर्षांची मुलगी, जिला स्वतःलाच आपला हात असा का वागतो हे कळत नाही. तिच्या वडिलांचा तर्क वरवर पटण्यासारखा आहे : झोपेत थांबते, म्हणजे जागेपणी ती करते. परंतु हा तर्क चुकीचा आहे. हालचालींचे बहुतेक विकार, मग ते मुलांचे असोत की मोठ्यांचे, गाढ झोपेत मंदावतात किंवा पूर्ण थांबतात. म्हाताऱ्या माणसाचा कंपवातही झोपेत थांबतो आणि त्याला कोणी नाटकी म्हणत नाही. पाहुणे आल्यावर किंवा बाई ओरडल्यावर हालचाल वाढते, हाही ढोंगाचा पुरावा नाही, कारण ताणाने अशा जवळजवळ सर्वच हालचाली वाढतात. इतकेच काय, तपासण्यांत काहीही दोष न सापडणाऱ्या, डॉक्टर ज्यांना फंक्शनल म्हणतात त्या हालचालीसुद्धा मुलाच्या इच्छेबाहेरच्या असतात. तेव्हा ‘मुद्दाम करते का’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘ही हालचाल नेमकी कोणत्या जातीची आहे’ असे विचारले, तर उत्तर मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. हालचालींच्या विकारांच्या या वैद्यकशाखेत कारण नंतर शोधतात. आधी हालचालीला नाव द्यावे लागते, आणि ते नाव यंत्र देत नाही, पाहणारा डोळा देतो.

तुमच्या भाच्याचे उदाहरण घेऊ. डोळे मिचकावणे, नाक उडवणे, मान झटकणे, घसा खाकरणे या बहुधा टिक असतात, आणि मुलांच्या हालचालींच्या विकारांत सर्वाधिक आढळतात त्या याच. टिक एकसारखी असते. तोच डोळा, तीच मान, तोच झटका. होण्याआधी मुलाला आतून एक ओढ जाणवते आणि थोडा वेळ ती दाबून धरता येते. काही आठवडे वाढते, काही आठवडे गायब होते, आणि पौगंडावस्थेनंतर अनेकांत पुष्कळच कमी होते. अशा मुलाला टोकू नये, हाच तिचा पहिला उपचार. एमआरआयची सहसा गरज पडत नाही. नणंदेचा सल्ला तिच्या मुलापुरता अगदी बरोबर होता. चूक एवढीच की एका मुलाच्या हालचालीचे औषध दुसऱ्या मुलाला लावले गेले.

तुम्ही वर्णन केलेली हालचाल तशी नाही. ती बोटांतून खांद्यात, खांद्यातून चेहऱ्यावर अशी सरकत राहते, पुढची कुठे उमटेल ते सांगता येत नाही, दाबून धरता येत नाही, आणि मुख्य म्हणजे हाताचे काम बिघडवते. टिक असलेली मुले सहसा वाटी सांडत नाहीत. या दुसऱ्या प्रकारच्या हालचालीला कोरिया म्हणतात. ग्रीक भाषेतील नृत्यासाठीच्या शब्दावरून हे नाव आले. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, मुलग्यांपेक्षा मुलींत अधिक, हा विकार घशाच्या एका विशिष्ट जंतुसंसर्गानंतर दिसतो. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने १६८६ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला सिडनहॅमचा कोरिया म्हणतात. मात्र त्याचे घशाशी आणि हृदयाशी असलेले नाते खुद्द सिडनहॅमला ठाऊक नव्हते.

ते नाते समजून घेणे तुमच्यासाठी आवश्यक आहे. स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू घशात शिरतो, शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि काही मुलांत ही प्रतिपिंडे ओळखण्यात चूक करून स्वतःच्याच अवयवांवर उलटतात : सांध्यांवर, हृदयाच्या झडपांवर आणि मेंदूच्या तळाशी खोलवर असलेल्या, हालचालींना लगाम घालणाऱ्या पेशीसमूहांवर. यालाच आपण संधिवाताचा ताप, डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटिक फीवर, म्हणतो. सांधे दुखायचे असतील तर ते दोन-तीन आठवड्यांत दुखतात. कोरिया मात्र एक ते सहा महिन्यांनी येतो, तोपर्यंत घरातील सगळे घसा विसरून गेलेले असतात. आषाढ ते दसरा हे तुमचे अंतर त्यात नेमके बसते. रडणे आणि हसणे यांची अदलाबदल, चिडचिड, अभ्यासातून उडालेले लक्ष हीसुद्धा त्याच आजाराची अंगे असू शकतात आणि कित्येकदा हाताच्या आधी सुरू होतात, त्यामुळे अशा मुलांना निदानापूर्वी शिक्षाच अधिक मिळतात. बाईंवर रागावू नका. ‘चाळे’ हा शब्द त्यांनी डोळ्यांना दिसले त्यावरून लिहिला आणि दिसले ते खरेच होते, अर्थ तेवढा चुकला.

आता एमआरआयविषयी. तिच्या वडिलांची तळमळ मी समजू शकते. मोठे यंत्र मोठे उत्तर देईल असे आपल्या सर्वांनाच वाटते. परंतु सिडनहॅमच्या कोरियात एमआरआय पुष्कळदा अगदी स्वच्छ येतो, आणि तो स्वच्छ अहवाल हातात घेऊन ‘पाहा, काही नाही, नाटकच आहे’ असे म्हणणारे पालक मी पाहिले आहेत. हालचाल शरीराच्या एकाच बाजूला असेल, ताप, डोकेदुखी किंवा अशक्तपणा सोबत असेल किंवा चित्र नेहमीपेक्षा वेगळे असेल, तर डॉक्टर स्वतःच तो सांगतील. त्याआधी करायची तपासणी मेंदूची नाही, हृदयाची आहे : टू-डी इको. स्टेथोस्कोपला काहीही ऐकू येत नसताना झडपांवर सूज असू शकते, आणि ती इकोतच दिसते. मुलीला दम लागत नाही, छाती दुखत नाही, म्हणून इको नको, असे कोणी म्हटले तरी तुम्ही आग्रह धरावा. सोबत रक्ताच्या तपासण्या होतील. त्यांतील एएसओ ही घशाच्या जुन्या संसर्गाची खूण शोधते. इतके महिने लोटल्यावर ती सामान्य पातळीवर आलेली असू शकते, म्हणून तेवढ्यावरून निदान खोडून काढायचे नसते. थायरॉइड, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा एक आजार) आणि तांब्याच्या चयापचयाचा विल्सनचा आजार यांमुळेही कोरिया होतो, तेव्हा त्या तपासण्या सांगितल्या तर हा पैसे काढण्याचा उद्योग आहे असे समजू नये. विल्सनच्या आजारात तांबे यकृतात आणि मेंदूत साठत जाते. तो हेरला तर आयुष्यभर घ्यायच्या औषधांनी आटोक्यात राहतो, निसटला तर मूल हातचे जाते. बालरोगतज्ज्ञ त्याच्या मागे का लागतात ते यावरून कळेल.

फिट आहे का, हा तुमचा दुसरा प्रश्न. फिट अचानक येते आणि थोड्या वेळाने जाते, तिच्यात बहुधा भान हरपते किंवा एकच झटका पुन्हा पुन्हा बसतो. तुमची मुलगी पूर्ण शुद्धीत असते, बोलते, आणि जागेपणी हालचाल दिवसभर चालू असते. हे चित्र फिटचे नाही. तरीही डॉक्टर कदाचित व्हॅल्प्रोएट किंवा कार्बामाझेपिन लिहून देतील, आणि औषधाच्या दुकानात कोणी तरी ‘हे फिटचे औषध आहे’ असे सांगेल. त्यावरून मुलीला फिट येते असे धरू नका. तीच औषधे कोरियाची हालचालही कमी करतात. हॅलोपेरिडॉल दिले तर ‘हे वेड्यांचे औषध’ असे ऐकावे लागेल. त्याचाही अर्थ तसा नाही, फक्त ते घेत असताना अंग ताठ झाल्यास किंवा मान वळल्यास लगेच कळवायचे असते. हालचाल सौम्य असेल तर यांपैकी काहीच न देता विश्रांतीवर भागते. काही मुलांना स्टेरॉइड लागते. हालचाल बहुधा काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत ओसरते, क्वचित अधिक काळ रेंगाळते.

येथे एक धोका आहे. हालचाल थांबली की घर सुटकेचा श्वास टाकते आणि खरा उपचार तेथेच सोडून देते. खरा उपचार म्हणजे पेनिसिलिन. पुन्हा तोच जंतू घशात आला, तर कोरिया परतू शकतो आणि हृदयाच्या झडपांना प्रत्येक वेळी नवी इजा होऊ शकते. म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षे द्यावे लागते. हृदय निर्दोष असेल तरीसुद्धा निदान अठराव्या ते एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि झडपांवर परिणाम झाला असेल तर त्याहून पुढे. हे ऐकून छातीत धस्स होते, मला माहीत आहे. नऊ वर्षांच्या मुलीला दर एकविसाव्या दिवशी दुखणारे इंजेक्शन, तेही हात अगदी बरा दिसत असताना, हे आईबापांना क्रूर वाटते. दुसऱ्या पारड्यात मात्र पंचविशीत झडपेची शस्त्रक्रिया आहे. इंजेक्शनची ‘सवय’ लागत नाही. आधी पेनिसिलिनची ॲलर्जी झाली असेल तर सांगावे, दिल्यावर अर्धा तास तेथेच बसावे, आणि कालनिर्णयावर तारखा लाल पेनाने आधीच लिहून ठेवाव्यात. गणेशचवथीच्या आणि शिगम्याच्या गडबडीत चुकते ते नेमके हेच. घरात दुसऱ्या कोणाचा घसा तापासह धरला तर त्यालाही दाखवावे, आणि डॉक्टरांनी दहा दिवसांची गोळी दिली तर तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून ती थांबवू नये.

कुठे जावे, असे तुम्ही विचारलेले नाही, परंतु पत्राच्या ओळींमध्ये तो प्रश्न आहे. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, बालरोग, न्यूरॉलॉजी आणि हृदयरोग असे तिन्ही विभाग एका आवारात आहेत, त्यामुळे वडिलांनी कामाची पाळी बदलून घेतलेल्या एका दिवसात पुष्कळ काही होऊ शकते. आधी जवळच्या बालरोगतज्ज्ञांना किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात दाखवून चिठ्ठी घेतलीत तरी चालेल. दर तीन आठवड्यांच्या इंजेक्शनासाठी मात्र प्रत्येक वेळी बांबोळी गाठावी लागू नये. ते तुमच्या आरोग्य केंद्रात मिळण्याची व्यवस्था पहिल्याच भेटीत लेखी करून घ्या. मुलीला दम लागू लागला, आडवे झोपवेना, गिळता किंवा बोलता येईना, अंग लुळे पडले किंवा तापासह गुंगी आली, तर तारखेची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

जाताना काय न्यावे, हे मी थोडे विस्ताराने सांगते, कारण त्याचा उपयोग इतर पालकांनाही होईल. ओपीडीत मूल भेदरून हात मांडीखाली दाबून बसते आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. म्हणून घरी, उजेडात, संपूर्ण शरीर दिसेल असे मोबाइलवर चित्रण करा : शांत बसलेली, दोन्ही हात समोर धरलेले, जीभ काही क्षण बाहेर काढून ठेवलेली (कोरियात ती आत-बाहेर पळते), पाणी पिताना, नाव लिहिताना, चालताना आणि झोपेत. प्रत्येकी अर्धा-एक मिनिट पुरे. माझ्या अनुभवात या विकारांच्या निदानाला महागड्या यंत्रांपेक्षा या साध्या फोनने अधिक हातभार लावला आहे. नातेवाइकांच्या गटावर ते टाकू नका, आणि पाहुण्यांसमोर ‘दाखव गं हात’ असे तिला कधीही करायला लावू नका. गणेशचवथीत ती फुगडी घालतानाचे चित्रण कोणाकडे असेल तर तेही न्या. त्यात हात ठीक असतील, तर आजार त्यानंतर सुरू झाला हे तारखेनिशी सिद्ध होते. शिवाय गेल्या दोन-तीन महिन्यांत घेतलेल्या सर्व औषधांची पाकिटे न्या, वांतीचे औषधसुद्धा. मेटोक्लोप्रमाइडसारख्या वांतीच्या औषधाने काही मुलांची मान काही तासांत एका बाजूला वळते, डोळे वर चढतात, घरात बाधा झाली म्हणून आरडाओरड होते, आणि इस्पितळात एका इंजेक्शनाने सारे निवळते. तुमच्या मुलीचे तसे दिसत नाही, पण पाकिटे पाहिल्याशिवाय ते कोणी ठरवू नये.

हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरासाठी एक गोष्ट येथेच सांगते. सकाळी व्यवस्थित चालणारे मूल संध्याकाळपर्यंत पाऊल आत वळवून चालू लागते आणि झोपून उठले की पुन्हा सुधारते, असे कोणाच्या घरी असेल, तर त्याला ‘सेरेब्रल पाल्सी’ म्हणून व्यायामावर सोडून देऊ नका. डिस्टोनिया म्हणजे स्नायू आपोआप आखडून अंग वळवणारा विकार. त्यात डोपाला प्रतिसाद देणारा एक प्रकार असतो, जपानचे डॉक्टर सेगावा यांच्या नावाने तो ओळखला जातो. लेव्होडोपा या औषधाच्या अगदी लहान मात्रेने अशी मुले काही दिवसांत सरळ चालू लागतात. वर्षानुवर्षे चाकाच्या खुर्चीत बसलेल्यांचेही निदान पुढे असे निघाले आहे. तासांची ही नोंद फक्त घरच्यांकडेच असते, सकाळी अकराच्या ओपीडीत ती दिसत नाही.

सासूबाईंशी भांडू नका. गाऱ्हाणे घातल्याने मुलीचे काही बिघडलेले नाही, आणि नातीच्या काळजीने थकलेल्या म्हाताऱ्या जिवाला तेवढाच आधार आहे. इस्पितळात जायच्या आधी देवीला सांगून जाऊ, असे म्हटलेत तर त्या स्वतःच तुमच्याबरोबर निघतील. ठाम राहायचे ते दोन बाबतींत : कौल डावा पडला म्हणून भेट पुढे ढकलायची नाही, आणि धूप, उपास, मारझोड किंवा कसले भस्म पोटात देणे यांपैकी काहीही मुलीच्या अंगावर येऊ द्यायचे नाही.

लग्नाचा प्रश्न तुम्ही सर्वांत खाली, घाईत लिहिला आहे. शंका खरी ठरली तर हा आईकडून किंवा बापाकडून ठरावीक रीतीने उतरणारा दोष नाही. संसर्गातून उद्भवलेला आजार आहे. तो लपवण्याचे कारण नाही, उलट लपवला तर नुकसान आहे. ज्या मुलींना लहानपणी हा कोरिया झालेला असतो, त्यांच्यापैकी काहींत तो पुढे गरोदरपणी किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर पुन्हा दिसतो, आणि त्या वेळच्या डॉक्टरांना जुनी माहिती नसेल तर सगळा गोंधळ नव्याने सुरू होतो. म्हणून इकोचे अहवाल आणि इंजेक्शनच्या तारखा एका फाइलीत ठेवा, आणि मुलगी मोठी झाल्यावर ती फाइल तिच्या हाती द्या.

तोपर्यंत घरात तिला अर्धाच भरलेला स्टीलचा पेला द्या, जाड पेन्सिल द्या, अंघोळ स्टुलावर बसून घालू द्या, आणि विहिरीच्या काठाशी व चुलीपाशी एकटीला सोडू नका. बाईंना जाऊन भेटा, त्यांना चित्रण दाखवा, आणि सध्या लेखी ऐवजी तोंडी उत्तरे घेण्याची विनंती करा. डॉक्टरांची चिठ्ठी आली की तीही द्या. जूनपासूनच्या तिच्या वह्या रद्दीत गेल्या नसतील अशी आशा आहे. पानांवर तारखा असतील, आणि अक्षर कोणत्या दिवसापासून मोडू लागले ते त्यांत दिसेल. बांबोळीला जाताना त्या सगळ्या घेऊन जा, ‘चाळे करते’ असा शेरा असलेली तर आठवणीने. इको झाला की मला पुन्हा लिहा.